खोलीचं तापमान किती होतं

छाया उरकुडेच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. पत्र आलं तो दिवस मात्र चांगला आठवतो. २०११ सालच्या मे महिन्यातला पहिला शनिवार. कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्या दिवशी सुट्टी होती. ती महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होती. पोस्टमन दारातून पाकीट सरकवून गेला आणि तिनंच ते उचलून फोडलं. वाचकांची पत्रं मी स्वतः फोडत नसे. आत कुणीतरी माझी चूक काढली असेल अशी धास्ती वाटे. म्हणून ती आधी वाचायची आणि बरं काही असेल तर माझ्या हातात द्यायची.

“आदरणीय खांबेटे दादा,” तिनं मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “छप्पन्न वर्षांचे दादा. छान.”

त्या काळी मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि पुण्याहून निघणाऱ्या ‘यंत्रवेध’ नावाच्या मासिकात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर लिहीत असे. ग्रंथालयात येणारी परदेशी मासिकं कुणी उघडत नव्हतं, म्हणून मी उघडू लागलो. वाचता वाचता त्यातलं थोडं कळू लागलं, निदान मला तसं वाटलं. संपादक रणसुभे यांना अशा विषयावर सरळ मराठी लिहिणारा माणूस हवा होता, आणि दुसरा कुणी मिळाला नसावा. माझे वाचक विशी-पंचविशीतले, कॉम्प्युटरवर खेळ खेळणारे. लिहिणाराही आपल्याच वयाचा असणार असं ते धरून चालत. मी आयुष्यात एकही खेळ खेळलो नव्हतो. मी फक्त मोजत असे.

पत्र चंद्रपूरहून आलं होतं. कुंदा पुढं वाचू लागली आणि तिच्या आवाजातली थट्टा दोनतीन ओळींतच गेली. वाचून झाल्यावर तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की अजून जवळजवळ पाठ आहे.

‘तुमचा मार्चच्या अंकातला लेख मी चारदा वाचला. आमच्या इथं बोरकुटे भाऊंचं गेमिंग पार्लर आहे. तिथल्या दहा मशिनी मी माझ्या हातानं जुळवल्या. भाऊंना लाल पेटीतलं कार्ड घ्यायचं होतं. तुमचा लेख दाखवून मी निळ्या पेटीतलं घ्यायला लावलं. चोवीस एप्रिलला स्पर्धा होती. नागपूर, यवतमाळहून मुलं आली होती. पहिल्या फेरीत तीन मशिनी थांबल्या, दुसऱ्या फेरीत सहा. पडद्यावर रंगीत चौकोन येतात आणि सगळं जागच्या जागी थिजतं. स्पर्धा रद्द करावी लागली. भाऊ म्हणतात, बसवताना माझ्या हातून काहीतरी झालं. मी दहाही कार्डं काढून पुन्हा बसवली. मला काही सापडत नाही. माझं चुकलं असेल तर मी मान्य करीन, पण काय चुकलं ते तरी कळावं. म्हणून दोन गोष्टी विचारते. तुमच्याकडे हे कार्ड एकदा तरी थांबलं होतं का? आणि चाचणीच्या वेळी खोलीचं तापमान किती होतं? लेखात ते दिलेलं नाही. आमच्याकडे त्या दिवशी कूलर लावूनही आत एकेचाळीस होतं. पंधरा तारखेला भाऊ दुसरा माणूस ठेवणार आहेत. तुमचा अंक ते काउंटरवर ठेवतात. तुमच्या सहीची एक ओळ आली तर ते ऐकतील. या गावात मुलीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा कुणी देणार नाही.’

“लिहून टाका,” कुंदा म्हणाली. “आजच्या टपालानं गेलं तर मंगळवारी पोचेल.”

मी म्हटलं, आधी खात्री करून घ्यायला हवी.

“कसली?”

“तिच्याकडच्या गरमीत ते कार्ड खरंच थांबतं का, याची. न बघता कसं लिहू?”

तिला ते पटलं. मलाही ते पटलेलं होतं, निदान बोलताना तरी.

निळी पेटी आणि लाल पेटी म्हणजे काय ते इथं सांगतो. खेळातली चित्रं पडद्यावर रंगवायचं काम कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड करतं. सेकंदाला जितकी जास्त चित्रं, म्हणजे फ्रेम्स, तितका खेळ सुरळीत. अगदी महागडं कार्ड आमच्या वाचकांना परवडत नसे, अगदी स्वस्त घेऊन उपयोग नसे. त्यामुळे सगळी चुरस मधल्या किमतीच्या कार्डांत असायची. त्यातही काही कंपन्या तीच चिप ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायच्या आणि पेटीवर तसं अभिमानानं छापायच्या. ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड म्हणतात ते हेच. कुंदाला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे पेशंटला ताप आणून पळायला लावायचं आणि बघा किती जोरात पळतोय म्हणायचं.”

जानेवारीत संक्रांतीच्या सुट्टीला जोडून मी अशी दोन कार्डं तीन दिवस तपासली होती. दोन्हींत चिप एकच, कंपन्या वेगळ्या. लाल पेटीतल्या कार्डाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. निळ्या पेटीतलं शांत होतं आणि वेगानंही पुढं होतं. गाड्यांच्या शर्यतीच्या एका खेळात आपोआप चालणारी चाचणी असते. पिवळी गाडी एकाच पुलावरून, एकाच वळणानं, एकाच बोगद्यातून जाते, आणि शेवटी आकडा येतो. मी ती गाडी दोनशे वेळा तरी जाताना पाहिली असेल. लाल पेटीचा आकडा त्रेचाळीस, निळ्या पेटीचा सत्तेचाळीस. चार फ्रेमचा फरक. रणसुभे नेहमी सांगत, वाचकाला एक जिंकणारा लागतो, ‘दोन्ही बरी’ असं लिहिलंत तर तो अंक ठेवून देतो. मी निळ्या पेटीला जिंकवलं. ‘घ्यावं’च्या आधी ‘निःशंकपणे’ असा शब्द लेखात होता. तो माझा नव्हता, रणसुभ्यांनी घातला होता. पण प्रूफ माझ्याकडे आलं होतं आणि मी तो काढला नव्हता.

दोन्ही कार्डं कंपन्यांना परत जायची होती. कुरिअरवाला येणार म्हणून चार महिने कपाटात तयार होती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी कॉम्प्युटर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेला. त्या खोलीत पापड आणि जुनी रद्दी असायची. मी तारांची जुळणी केली आणि निळं कार्ड बसवलं. जानेवारीत काम सोपं जावं म्हणून मी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजूची झडप उघडी ठेवली होती. पार्लरमध्ये ती कुणी उघडी ठेवत नाही. म्हणून या वेळी चारही स्क्रू लावले. कुंदानं सकाळी रुग्णालयात जाऊन खोलीचं तापमान दाखवणारा एक थर्मामीटर आणला होता. तो तिनं खिळ्याला टांगला, स्टूल ओढलं आणि मांडीवर वही घेऊन बसली. दर पाच मिनिटांनी दोन आकडे लिहायचे, खोलीचा आणि कार्डाचा. वॉर्डात तिनं हेच काम वीस वर्षं केलं होतं.

“खोली एकेचाळीस,” ती म्हणाली. “त्या मुलीच्या पार्लरएवढी बरोब्बर. चालू करा.”

पिवळी गाडी निघाली. पाचव्या मिनिटाला कार्ड ब्याऐंशी अंशांवर होतं. दहाव्याला अठ्ठ्याऐंशी. पत्रा तडतडत होता. कुंदाच्या पदराला घाम पुसून पुसून डाग पडले होते. माझी नजर पडद्यावर होती, आणि खरं सांगायचं तर गाडी थांबू नये असं मला वाटत होतं. पंधराव्या मिनिटाला त्र्याण्णव. विसाव्याला शहाण्णव. कुंदा आकडा लिहायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो.

तेविसाव्या मिनिटाला गाडी बोगद्यातून बाहेर आली, आकाशाच्या जागी हिरवे-जांभळे चौकोन उमटले आणि गाडी वळणावर तिरकी अडकून राहिली. स्पीकरमधून एकच सूर निघत राहिला. मी बटण दाबून यंत्र बंद केलं.

“झालं,” कुंदा म्हणाली. “तिनं लिहिलंय तसंच.”

“एकदा होऊ शकतं. माझंच काही राहिलं असेल.”

“काय राहिलं?”

मी यंत्र निवू दिलं, कार्ड काढलं, त्याच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, पुन्हा बसवलं. पुन्हा गाडी निघाली. या वेळी एकोणिसाव्या मिनिटाला अडकली. मग लाल पेटीतलं कार्ड लावलं. त्याचा पंखा इतका ओरडत होता की शेजारच्या गच्चीवरून सोनावणे वहिनींनी पिठाची चक्की घेतली का म्हणून विचारलं. पण ते पूर्ण तासभर चाललं. चौऱ्याऐंशी अंशांच्या वर गेलं नाही. चार फ्रेम कमी, आणि तासभरात एकदाही न थांबता.

मी म्हटलं, निळं आणखी एकदा बघू. कुंदानं वहीत नवी ओळ आखली. तिसऱ्यांदा ते एकविसाव्या मिनिटाला थांबलं.

आता साडेपाच वाजत आले होते. मी तारा गुंडाळत होतो. वहीत तिनं लिहिलेली पानं भरली होती, म्हणून शेवटची वेळ लिहायला तिनं आणखी एखादं कोरं पान मिळतंय का ते पाहायला वही मागं चाळली. ती माझीच चाचण्यांची वही होती. जानेवारीतले आकडेही तिच्यातच होते. मला ते ठाऊक होतं. वही तिच्या हातात देताना मी ते विसरलो होतो असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

मी तारा गुंडाळत राहिलो.

“सोळा जानेवारी,” ती वाचत होती, वॉर्डातल्या आवाजात, काही न सोडता. “निळं. दुपारी तीन चाळीस. ऊन डब्यावर. थांबलं. मग कंसात, माझी चूक, आणि पुढं प्रश्नचिन्ह.”

पत्रा तडतडायचा थांबला होता.

“कोणती चूक होती?” कुंदानं विचारलं.

“माहीत नाही.”

“मग लिहिलंत कसं?”

“काहीतरी असणार ना. एवढी मोठी कंपनी, त्यांचे इंजिनिअर. ते चुकणार का मी?”

“मग काय केलंत?”

मी तिला सांगितलं. त्या दिवशी ऊन खिडकीतून सरळ डब्यावर आलं होतं. तास-दीड तास गाडी फिरत होती आणि अडकली. मी पडदा ओढला, झडप आधीच उघडी होती, तिच्यासमोर टेबलफॅन ठेवला, आणि पुन्हा चालवलं. मग काही अडलं नाही. सत्तेचाळीसचा आकडा त्यानंतरचा. लेखात टेबलफॅन नव्हता, ऊन नव्हतं, तीन चाळीस नव्हतं. लपवायचं म्हणून मी वगळलं नव्हतं. माझ्या हातून घडलेला घोळ वाचकाला कशाला सांगायचा, असं मला वाटलं होतं.

कुंदानं वही मिटली. मला वाटलं ती रागावेल. ती शांतपणे म्हणाली, “या मुलीनं तेच लिहिलंय. माझ्या हातून काय चुकलं. तुमच्यासारखंच.”

मी म्हटलं, उद्या रणसुभ्यांशी बोलतो आणि लिहितो.

“रणसुभ्यांना कशाला विचारायचं? पत्र त्यांना आलंय का?”

पण मी विचारलं. सोमवारी सकाळी ग्रंथालयातून फोन केला. रणसुभे वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला धीर द्यावा तसं बोलले. म्हणाले, अहो खांबेटे, तुम्ही स्वतःला फार टोचून घेता. तुमच्याकडे आलेला एक नमुना सदोष असेल. तिच्याकडे बसवताना खरंच काही झालं असेल. तुम्ही पत्र दिलंत आणि उद्या त्या पार्लरवाल्यानं ते कंपनीला दाखवलं तर आपण काय सांगणार? जुलैच्या अंकात उन्हाळ्यात घ्यायची काळजी म्हणून दोन ओळी टाकू. वैयक्तिक कुणाला काही लिहू नका, निदान घाई करू नका.

मी विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं तिच्या हातून झालं असेल?

“होऊ शकतं,” ते म्हणाले. “तुम्हीच आता म्हणालात ना, तुमच्याकडेही तुमचंच चुकलं असेल.”

मी फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी पत्र लिहायला रोज बसलो. ग्रंथालयात दुपारी कुणी नसे. पहिला मसुदा एका पानाचा झाला. वाचला तर वाटलं, तापमानाबद्दल मी फार ठामपणे लिहितोय, माझा थर्मामीटर तरी बरोबर होता का? मग त्याबद्दल एक परिच्छेद घातला. चिप एक असली तरी प्रत्येक नमुना थोडा निराळा असतो, याबद्दल दुसरा. परदेशी मासिकांतले दोन संदर्भ शोधून काढले. दुसरा मसुदा तीन पानं. चौथ्यात सोळा जानेवारीचा उल्लेख आला, पाचव्यात तो ‘काही विशिष्ट परिस्थितीत’ असा झाला, सहाव्यात गेला. बुधवार गेला. गुरुवारी टाकलं असतं तरी शनिवारी पोचलं असतं. गुरुवारी मी सातवा मसुदा लिहीत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी कुंदानं कामावरून आल्यावर टेबलावरचे कागद उचलले आणि उभ्या उभ्या वाचले. सात पानं होती. तिनं ती माझ्यासमोर ठेवली.

“तिनं एक ओळ मागितली होती,” ती म्हणाली.

“आता पोचणार नाही. रविवारीच पंधरा तारीख.”

“फोन नंबर तिनं दिलेला नाही. तार करा.”

“तारेत काय लिहिणार?”

तिनं सांगितलं. तिनं सांगितलेली तार चार शब्दांची होती: ‘चूक छायाची नाही, कार्डाची.’ मी चप्पल घातली, कोपऱ्यापर्यंत गेलो. तारघर सातपर्यंत उघडं असे. साडेसहा झाले होते. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी उभा राहिलो आणि मनात एकच घोळत राहिलं, की मी चुकलो असेन तर? कार्ड खरंच चांगलं असलं आणि माझीच कुठंतरी गफलत असली, तर माझ्या चार शब्दांवर तो बोरकुटे कंपनीशी भांडेल आणि तोंडघशी पडेल, तीही पडेल. सातचा भोंगा वाजेपर्यंत मी तिथंच होतो.

घरी आल्यावर कुंदानं विचारलं नाही. ताटं वाढली. त्यानंतर त्या पत्राचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि पुढचे बरेच महिने वाचकांची पत्रं फोडणंही बंद केलं. म्हणाली, तुमची पत्रं, तुम्ही वाचा.

जुलैच्या अंकात पान एकोणपन्नासावर दोन ओळी आल्या, कॉम्प्युटरभोवती हवा खेळती ठेवावी म्हणून. मी पुढं दोन वर्षं लिहिलं. मग ‘यंत्रवेध’ बंद पडलं. मी निवृत्त झालो. रणसुभे वारले. छाया उरकुडेचं दुसरं पत्र आलं नाही. पंधरा तारखेला तिच्या पार्लरमध्ये काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नाही.

मला लोक नम्र म्हणतात. कॉलेजात निरोपसमारंभात प्राचार्य तेच म्हणाले, हा माणूस कधी आपलं घोडं पुढं दामटत नाही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात माझा कॉम्प्युटर सुरू होईना. सत्तराव्या वर्षी तो मला लागतो कशाला म्हणाल, तर पुस्तकांची यादी करतोय, ती त्यात आहे. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा एक माणूस एकटाच चालवतो, पवार नावाचा. रिक्षातून डबा तिथं नेला आणि टेबलावर ठेवता ठेवता मी सांगू लागलो, की आदल्या दिवशी मी बहुतेक चुकीचं बटण दाबलं, किंवा तार ओढली गेली असेल, किंवा धूळ पुसताना माझ्या हातून काहीतरी...

पवारनं झडप उघडली, मीटरच्या दोन तारा दोन ठिकाणी लावल्या, माझ्याकडे न बघता म्हणाला, “पॉवर सप्लाय गेलाय, काका. तुमच्या हातून काही झालेलं नाही.”

बस. पुढं तो किंमत आणि वेळ सांगू लागला. मला काही ऐकू येत नव्हतं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. त्यानं मीटर लावला होता, पाहिलं होतं आणि जे होतं ते सांगितलं होतं. त्याला स्वतःबद्दल काय वाटतं याचा त्यात कुठं संबंधच आला नव्हता. आणि माझ्या छातीवरचं काहीतरी, एवढंसं का होईना, उतरलं होतं. एका बंद पडलेल्या डब्यापायी. माझी तर नोकरीही जाणार नव्हती.

मी तिथल्या बाकावर बसलो. पवारनं पाणी दिलं, चक्कर आली का विचारलं.

तीन चाळीसला गाडी अडकली तेव्हा मी ‘माझी चूक’ असं लिहिलं होतं, ते खरं कारण सापडलं म्हणून नाही. तसं लिहिलं की शोध तिथं संपत होता. कंपनीला विचारावं लागत नव्हतं, रणसुभ्यांना नाही म्हणावं लागत नव्हतं, लेख बदलावा लागत नव्हता. स्वतःला कमी लेखून मी प्रत्येक वेळी घरी बसलो, आणि त्याची किंमत चंद्रपूरच्या एका मुलीनं दिली. तिला माझं दुबळेपण नको होतं. तिला माझ्याकडून फक्त दोन उत्तरं हवी होती.

घरी येऊन मी माळ्यावरची वह्यांची पेटी काढायला लागलो. कुंदा खालून शिडी धरून उभी होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. पत्र सापडलं तेव्हा तिनं हात पुढं करून ते घेतलं, पाहिलं आणि परत दिलं.

“चौदा वर्षं झाली,” ती म्हणाली. “ती आता सदतीस-अडतीसची असेल. तिला काय करायचंय त्या कार्डाचं?”

“कार्डाचं नाही लिहायचं.”

तिनं पत्र पुन्हा मागून घेतलं, वरचा पत्ता पाहिला आणि म्हणाली, “पत्ता जुना आहे. पण पिन कोड घाला.”

कागद एकच घेतला. कच्चं लिहिलं नाही.

‘श्रीमती छाया उरकुडे यांस. तुम्ही मे २०११ मध्ये दोन प्रश्न विचारले होते. निळ्या पेटीतलं कार्ड माझ्याकडेही थांबलं होतं, १६ जानेवारी २०११ रोजी दुपारी तीन चाळीसला. ते मी लेखात लिहिलं नाही. खोलीचं तापमान त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर एकेचाळीस अंशांत तपासलं, तेव्हा ते तीनपैकी तीनदा थांबलं. लाल पेटीतलं एकदाही थांबलं नाही. हे मला ८ मे रोजी, तुमच्या मुदतीच्या सात दिवस आधी, कळलेलं होतं. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. हे पत्र कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही. मधुसूदन खांबेटे.’

क्षमेची ओळ लिहावी की नाही यावर मी अडलो. कुंदाला विचारलं. ती म्हणाली, ते तुमच्यासाठी होईल, तिच्यासाठी नाही. ओळ लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी टपाल कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर विचारला. मी म्हटलं, माहीत नाही.

“पत्ता नीट आहे ना?”

“चौदा वर्षांपूर्वीचा आहे.”

“मग परत येईल हो, काका.”

मी म्हटलं, आलं तर बोरकुट्यांच्या पार्लरच्या जागी आता जे कुणी असेल त्याला विचारीन. चंद्रपूरला जाईन. बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं.

“चिकटवलेलं नाहीये.”

नव्हतंच. आयुष्यभर मी पाकीट उघडंच नेत आलो, खिडकीपाशी शेवटचं एकदा वाचून बघायला. माझ्यामागं तिघं-चौघं उभी होती, पण त्यांना घाई नव्हती. वाचायला वेळ होता. कठड्यावर डिंकाची बाटली होती. मी बोटानं डिंक लावला, कडा दाबली, आणि पाकीट खिडकीतून आत दिलं. त्यांनी ते तोललं, बारकोडची पट्टी चिकटवली आणि मागच्या पोत्यात टाकलं.